बारातली पिचलेली

हारुनने काडतुसांच्या बारा रिकाम्या पुंगळ्या उजव्या तळहातावरून डाव्या तळहातावर ओतल्या.

खण्ण.

त्या बाजूच्या गोणीत टाकल्या. ढिगातल्या पुढच्या बारा उचलल्या. ओतल्या.

खण्ण.

त्याची नजर पुंगळ्यांवर नव्हतीच. जमिनीवर उकिडवा बसून तो दुकानाबाहेर, खाडीतून देऱ्याच्या काठाकडे येणाऱ्या अब्र्याकडे, माणसं भरलेल्या होडीकडे, बघत होता. खैरुद्दीनशेटचं डोकं फिरलं होतं ते नेमकं यावरूनच.

"बघतोस कुठं तू, आं? अब्र्यात तुझी सासू बसलीय?"

"यात बघायचं काय, शेट? पितळ आहे."

"पितळ आहे! त्या बदूच्या थोबाडाला जाऊन विचार, पितळ कसं असतं ते."

दुकानात खुर्ची एकच. तिच्यावर शेट. टेबलामागे मोडक्या खोक्यावर मुराद उस्ताद, म्हातारा बलुची, हातात भिंग.

*

शारजाच्या वाटेवरल्या चांदमारीत सैनिक आठवड्यातून तीनदा नेमबाजी करत. बंदुका थांबल्या की हारुन वाळूत गुडघ्यांवर उतरायचा. पुंगळ्या तापलेल्या, वाळू त्याहून तापलेली. तीन वर्षं झाली या कामाला. हारुन फिरून गेल्यावर वाळू चाळली तरी पुंगळी मिळत नाही, असं तिथला हवालदार म्हणायचा. हारुन ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि खोलीवर आला की सगळ्यांना सांगायचा.

पुंगळ्या वेचायचा ठेका शेटचा. पिचलेल्या पुंगळ्या भट्टीत जात, अखंड मुराद उस्तादाकडे. उस्ताद त्यांत नवी दारू भरायचा, नवी गोळी बसवायचा, काडतूस पुन्हा जिवंत करायचा. वाळवंटातले बदू लोक शिकारीला, लग्नाला तीच काडतुसं नेत. पिचलेली आणि अखंड, हा निवाडा हारुनचा.

मागच्या आठवड्यात एक काडतूस बंदुकीतच फाटलं. मागे उसळलेल्या जाळानं एका बदूची अर्धी दाढी गेली, डोळा थोडक्यात वाचला. त्याने येऊन फाटकी पुंगळी उस्तादाच्या टेबलावर आपटली. उस्तादाने ती शेटला दाखवली. शेटने हारुनला.

"माझ्या गोणीतली नाही ही."

"नाव लिहिलंय तिच्यावर?"

"नाही. पण माझी नाही."

म्हणून आजची परीक्षा. उस्तादाने ढिगात एक पिचलेली पुंगळी मिसळली होती. चीर केसाएवढी, खूण फक्त उस्तादाला ठाऊक. हारुनने ती काढली तर तो राहणार. नाही काढली तर बुधवारच्या बोटीनं गावी.

"बाणकोटला जाऊन नारळ सोल मग," शेट म्हणाला होता.

*

खण्ण.

खण्ण.

खद्द.

हारुनचा हात थांबला. त्या बारांतल्या सहा त्याने मांडीवर ठेवल्या, सहा ओतल्या. खण्ण. त्या गोणीत. मांडीवरच्या सहांतल्या तीन ओतल्या. खद्द. मग दोन. मग एक उरली. नजर अजून बाहेरच होती. ती एक त्याने हात वर करून टेबलावर ठेवली.

उस्तादाने ती उलटी केली. बुडाशी कानशीने ओढलेली बारीक रेघ होती.

"यही है."

शेटने इतका मोठा श्वास सोडला की खुर्ची करकरली. "माशाल्ला! खलास. सुटलास बाबा. ऊठ, चहा मागव."

हारुन उठला नाही. ढीग अजून उरला होता.

*

बारा बांगड्या, दोऱ्यात ओवलेल्या. हारुनची आय त्या कानाशी नेऊन हलवायची आणि डोळे भलतीकडेच, माडाच्या शेंड्याकडे लावायची. बारांत एक पिचलेली असली तर बाराही वेगळ्या बोलतात. बघू नको, म्हणायची. बघायला लागलास की कान झोपतो.

खोलीवर हारुनने कधी आयचं नाव काढलं नव्हतं. बाप बोटीवर सारंग होता, असं सांगितलं होतं. बाप होता खरा बोटीवर. कोळसा ओढायला.

*

खण्ण.

खण्ण.

खद्द.

सहा. तीन. दोन. आणखी एक पुंगळी टेबलावर आली.

उस्तादाने भुवया वर केल्या. "एक ही डाला था मैंने."

"ये दूसरा है."

उस्तादाने ती भिंगाखाली धरली. गोल फिरवली. दारात उजेडाला नेली, आतून पाहिली, कडेवरून नख फिरवलं. परत आला.

"कुछ नहीं है. अच्छा माल है."

शेट खुर्चीवरून वाकला आणि हारुनच्या कानाशी आला. "जिंकलास ना? मग आता शहाणपणा कशाला? ही चुकली तर पहिलीला उस्ताद नशीब म्हणेल."

हारुनने लुंगीला हात पुसले.

"भरो," तो उस्तादाला म्हणाला. "और चलाओ."

"अरे, वेडा की काय तू?"

"नाही फाटली तर मी बुधवारची वाट नाही बघत, शेट. आज जी बोट असेल तिनं जातो."

*

उस्तादाने घाई केली नाही. बुडाशी बार पेटवणारी नवी टोपी बसवली, दारू मोजून ओतली, गोळी दाबली. दुकानामागच्या मोकळ्या वाळूत एक जुनी बंदूक दोन गोण्यांमध्ये करकचून बांधली. घोड्याला सुतळी लावली. तिघे भिंतीआड झाले.

"बिस्मिल्ला."

सुतळी ताणली. आवाज झाला. खाडीवरचे पक्षी उडाले, कुणाची तरी शेळी ओरडली.

उस्ताद एकटाच पुढे गेला. खटका मागे ओढून त्याने पुंगळी काढली, गरम होती म्हणून या हातातून त्या हातात टाकत आणली, आणि शेटच्या तळहातावर ठेवली.

तोंडापासून खाली बोटाच्या पेराएवढी उभी फाटली होती. कडा काळ्या.

शेटने ती टाकली नाही. चटका बसत असूनही धरून राहिला.

*

दुकानात परतल्यावर उस्तादाने फळीवरून पत्र्याचा एक मोठा डबा काढला. त्यात गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या पुंगळ्या होत्या, दोनदा, तीनदा भरून झालेल्या. या हारुनच्या हातात, त्याच्या गोणीत, परत कधी येत नसत. त्या उस्ताद स्वतःच भिंगाखाली बघून पास करायचा. त्याने डबा हारुनसमोर ठेवला आणि भिंग दुमडून खिशात घातलं.

"यल्ला, चलो," तो हळू म्हणाला. मग जरा थांबून, "किसने सिखाया?"

हारुन या प्रश्नाला नेहमी खांदे उडवायचा. असंच येतं, म्हणायचा.

"मेरी माँ ने. चूड़ी बेचती थी." आणि मग शेटकडे तोंड करून, "बांगड्या विकायची माझी आय. हव्वाबी."

शेटच्या कपाळावर आठी पडली. "कुठली हव्वाबी? पाठीवर निळं गाठोडं असायचं, ती?"

"तीच."

"अरे, ती तर आमच्या दारावर यायची! कुलसुमच्या, माझ्या बहिणीच्या लग्नात सगळ्या बायकांना बांगड्या तिनंच भरल्या. एक फुटली नाही दोन वर्षं. माझी आई तिला ओटीवर बसवून चहा द्यायची."

"पायरीवर," हारुन म्हणाला.

"काय?"

"ओटीच्या खाली, शेट. पायरीवर. मी असायचो बरोबर."

तो हे रागाने बोलला नाही. ताठ बसून बोलला, उकिडवं बसून जेवढं ताठ होता येतं तेवढं.

बाहेर अब्रा काठाला लागला. माणसं एकमेकांना हाका मारत उतरली. शेट फाटक्या पुंगळीच्या काळ्या कडेवर अंगठा फिरवत राहिला. मग उठला. खुर्ची पायाने सरकवली नाही, दोन्ही हातांनी उचलली आणि डब्याशेजारी आणून ठेवली. स्वतः दाराला टेकून उभा राहिला.

हारुनने एकदा खुर्चीकडे पाहिलं. लुंगीवरची वाळू झटकली आणि बसला.

डब्यातल्या पहिल्या बारा पुंगळ्या त्याने उचलल्या, नजर बाहेर पाण्यावर ठेवली, आणि ओतल्या.

खद्द.