चौथ्या सशाच्या पाठीवरचं खोबरेल

सुगंधाताईंनी चौथ्या सशाच्या पाठीला खोबरेल लावलं ते कुणालाही न विचारता. केस भादरताना यंत्र जरा जास्तच फिरलं होतं आणि त्याची कातडी लालबुंद झाली होती. पिंजरे धुऊन धुऊन ताईंच्या हातांना भेगा पडत, म्हणून तेलाची लहान बाटली त्यांच्या खिशात असायचीच. "गप रे बाबा, झालंच," म्हणत त्यांनी दोन थेंब चोळले. त्यावरच मग ठरलेलं मलम लागलं.

अंधेरीच्या एमआयडीसीतली ती प्रयोगशाळा. एका कंपनीचं खाजेवरचं स्टेरॉइडचं मलम तिथे तपासायला आलं होतं. वरून लावलेलं औषध अंगात किती शिरतं, कुठे कुठे जातं आणि बाहेर कसं पडतं, ते सहा सशांवर बघायचं. कानाच्या शिरेतून रक्त घ्यायचं, जाळीखाली लघवी आणि लेंड्या वेगवेगळ्या गोळा करायच्या. बावीस वर्षांत ताईंना ती वाट पाठ झाली होती. कातडीतून रक्तात, रक्तातून यकृतात, तिथून थोडं पित्तावाटे लेंडीत आणि उरलेलं लघवीत.

आठवड्याने आकडे आले. बाकीच्या पाच सशांच्या रक्तात औषध नावापुरतं होतं, चौथ्याच्या रक्तात तिपटीहून जास्त. लघवीतही तसंच. ताईंनी आकडे दोनदा वाचले. त्या तडक डॉक्टर अनय यांच्या टेबलापाशी गेल्या. प्रयोग त्यांच्या हाताखाली चालला होता.

"सर, ते माझ्यामुळे झालंय," म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अनयनी डोळे चोळले. "सांगितलंत ते बरं केलंत. आता असं करू, चौथा आजारी होता म्हणून बाद करू. तुम्हीही सुटाल, मीही."

"आजारी? सकाळचा चारा संपवून भांडं पालथं घातलंय त्याने."

"ताई, शुक्रवारी कंपनीची माणसं येतायत. हे बाहेर आलं तर तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"सोमवार आहे ना आज? उपवासाने पित्त चढलंय तुम्हाला."

"उपवास आहेच," ताई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "सर, तुमच्या छोटीला पुरळ आलं की मलम लावल्यावर आजी वर काय चोळते?"

अनयनी आकड्यांचा कागद पुन्हा समोर ओढला.

"खोबरेल. आमच्या दहिसरच्या चाळीत तर घरोघरी चोळतात. तेलासोबत औषध असंच अंगात जास्त शिरत असेल तर?"

"एका सशावरून काही सिद्ध होत नाही हो."

"नसेल होत. मग तसं लिहा. आजारी मात्र लिहू नका."

त्यांनी नोंदवही ओढली आणि उभ्या उभ्याच गोल अक्षरात लिहिलं: 'चौथा ससा. मलमाआधी पाठीला खोबरेल लावलं, दोन थेंब. कुणाला विचारलं नाही. आज आठ दिवसांनी लिहीत आहे.' खाली तारीख घातली आणि पूर्ण नावाची सही केली.

"पान फाडा ते," अनय म्हणाले.

"पानांना नंबर आहेत."

"मग खोडा."

"मी नाही खोडणार. तुम्हाला खोडायचं असेल तर नियम तुम्हीच शिकवलाय. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण लिहून सही." त्यांनी पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "मारा रेघ. कारण काय लिहिताय तेवढं मला बघू दे."

अनयनी पेन उचललं. समासाच्या कोऱ्या जागेवर टेकवलं. पंखा फडफडत होता आणि पलीकडच्या खोलीत कुठला तरी ससा जाळी खडखडवत होता. शेवटी त्यांनी पेन परत ठेवलं.

"शुक्रवारी त्या लोकांना तुम्हीच सांगायचं. मी तुमची बाजू घेणार नाही, कळलं ना?"

"सांगते की," ताई म्हणाल्या. "मराठीत सांगितलेलं चालेल ना त्यांना?"