जे आहे ते सांग

विभानं पाहुण्यासाठीच्या सपाता तिसऱ्यांदा सरळ केल्या आणि तेवढ्यात बेल वाजली.

"आले," अंबरीष कॉलर नीट करत म्हणाला. "घाबरू नको गं. जे आहे ते सांग."

मोरीसान बूट काढून आत आले, बिस्किटांचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, आणि बसता बसताच म्हणाले की बाईंशी एकटीशी बोलायचंय. तोक्योच्या हिगाशी-कसाई भागातल्या त्या एवढ्याशा घरात जायचं कुठे? अंबरीष बाल्कनीत गेला आणि काचेचं दार लावून घेतलं.

झालं होतं असं, की त्याच्या कंपनीला एका सरकारी खात्याचं काम मिळालेलं, आणि त्या कामावर बसायचं तर आधी माणसाची सगळी चौकशी, बायकोलाही विचारून. मोरीसान त्यासाठीच आले होते. पास झाला तर तीन वर्षं तोक्यो, नाही तर महिनाअखेर पुण्याचं विमान. आणि विभाला तर बेंतोच्या दुकानात, डबे भरायच्या कामावर, आत्ता कुठे पर्मनंट केलं होतं.

जवळच फुनाबोरीला राहणाऱ्या नीलिमाताईंनी कालच फोनवर बजावलेलं, "ड्रग्जचं विचारतात हं. डोळे झाकून नाही म्हण. आमच्या ह्यांच्या वेळी मी तेच केलं."

"अहो, पण भांग?"

"त्यांच्या लेखी भांग काय नि गांजा काय. नाहीच म्हण."

मोरीसान सावकाश, सोप्या जपानीत अंबरीषबद्दल विचारत होते. दारू? जुगार? घरी कोण कोण येतं? ती पटापट उत्तरं देत होती, ते लिहून घेत होते.

"आणि गांजा? किंवा त्याच झाडाचं दुसरं काही?"

तिला नागपूरचं घर दिसलं. लग्नानंतरची पहिली महाशिवरात्र, बाबांनी स्वतः घोटलेली थंडाई, आणि एका पेल्यात नवा जावई दोन तास पंख्याकडे बघून हसत बसलेला. पेला तिनंच हातात दिला होता.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

पेन थांबलं. "नक्की?"

"नक्की. मला माहीत असतं ना."

मोरीसाननी फाइलमधून एक कागद काढला आणि फिरवून तिच्यासमोर ठेवला. अंबरीषचं तिरकं अक्षर, इंग्रजीत. एकदा. फेब्रुवारी २००१, सासुरवाडीला, पूजेनंतर भांग. पत्नीला माहीत आहे.

"एवढ्यानं काही अडलं नसतं," मोरीसान टेबलाकडे बघत म्हणाले. "मी फक्त दोघांचं सारखं येतंय का, ते बघायला आलो होतो."

विभानं चहाचा कप उचलला, तसाच परत ठेवला.

काचेपलीकडे अंबरीष वाळलेले शर्ट खांद्यावर टाकून उभा होता. तिची नजर गेली तशा त्यानं भुवया उंचावल्या आणि अंगठा वर करून विचारलं, ठीक ना?

तिनंही अंगठा वर केला.