बुधवारचं कुंड

बोटीवरून उतरलेली माणसं दुपारी तीनच्या आत बोटीवर परत पोचली पाहिजेत, एवढं एक सांभाळलं की डेल्विनचा दिवस पार पडायचा. सकाळी साडेआठला बेटाच्या राजधानीत, रोझोच्या धक्क्यावर व्हॅन उभी करायची, आठ-दहा पाहुणे भरायचे, धबधबा दाखवायचा, आपल्या गावी, मॉर्न काकोला, मा फिलोच्या खानावळीत जेवू घालायचं आणि उरलेला तास समुद्रात काढायचा, जिथे तळातून ऊन बुडबुडे वर येतात तिथे. अकरा वर्षं त्याचा हाच फेरा होता. कुठल्या वळणावर पाहुणे "वाव" म्हणतील हे त्याला पाठ होतं आणि त्याआधीच तो गाडी हळू करायचा.

मा फिलो त्याची नेनेन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या बाईने त्याला हातावर घेतलं होतं ती. आई शेजारच्या ग्वादलुप बेटावर कामाला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हापासून तो मा फिलोच्याच घरात लहानाचा मोठा झाला. तिच्या खानावळीला पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि मागे चूल. अळूच्या पानांचं खेकडे घातलेलं सूप, उकडलेल्या कच्च्या केळ्यांबरोबर खारा मासा आणि नदीच्या मुखाशी सापडणाऱ्या इवल्याशा माशांची भजी, यापलीकडे तिथे काही मिळत नसे आणि कुणी मागतही नसे. पाहुणे बाकांवर बसले की डेल्विन मागे चुलीपाशी उकिडवा बसून थेट पातेल्यात केळं बुडवायचा. "हावरटा, ताट घे की!" म्हणून मा फिलो त्याला पळीचा दांडा दाखवायची. पण ताट ती कधी द्यायची नाही आणि तो कधी घ्यायचा नाही.

त्या बुधवारी धक्क्याला दोन मोठ्या बोटी लागल्या होत्या आणि डेल्विनच्या वाट्याला आलं होतं एकच जोडपं. लॉरेन आणि तिचा नवरा ग्लेन. धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो फोन वर धरून दुसऱ्याच्या डोक्यावरून पाण्याचे फोटो काढत होता. लॉरेन दहा मिनिटांत परत येऊन गाडीत बसली.

"हे आमचं पाचवं बेट," ती हसत म्हणाली. "पाचही ठिकाणी एक धबधबा, एक किनारा आणि एक भाजलेला मासा. तुम्ही लोक सगळ्यांना दाखवता तेच आम्हाला दाखवता."

"लॉरेन, पुरे," ग्लेन म्हणाला.

"का? मी भांडतेय का त्याच्याशी? मी फक्त विचारतेय. डेल्विन, तुम्ही स्वतः कुठे जाता हो सुट्टीच्या दिवशी?"

बोलण्यात खोच नव्हती, पण डेल्विनला ते लागलं. आपलं बेट पाचांतलं एक? त्याने गाडी सुरू केली आणि जरा वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "एक जागा आहे."

जागा गावाच्या मागे होती. नीरफणसाच्या झाडापाशी गाडी सोडून बांबूंच्या बनातून खाली उतरलं की दगडांत गरम पाण्याचं कुंड. बुधवारी सकाळी ते बायकांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पुरुषमाणसाने झाडाखाली थांबून "कोण आहे का?" अशी हाक द्यायची आणि खालून ओ आली तर मागे फिरायचं, एवढीच रीत. अख्खा आठवडा वाकून काम करणाऱ्या बायका तिथे गुडघे शेकत बसायच्या.

बुधवार आहे हे डेल्विन विसरला होता असं नाही. अकरा वाजून गेलेत, आता सगळ्या घरी गेल्या असतील, अशी त्याने वाटेत स्वतःची समजूत घातली. झाडाखाली आला आणि खालून हसणं ऐकू आलं. ते मा फिलोच्या मैत्रिणीचं, युडोराचं हसणं होतं, अख्ख्या गावात तसं खदाखदा कुणी हसत नाही. तो थांबला. हाक द्यायला त्याने तोंडही उघडलं.

"ग्लेन, ऐक," मागून लॉरेन कुजबुजली. "पाणी!"

त्याने वळून पाहिलं. सकाळपासून कंटाळलेला तो चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. हाक दिली तर इथूनच परत फिरावं लागणार होतं. डेल्विनने तोंड मिटलं आणि बांबू बाजूला सारून तो पुढे झाला.

कुंडात पाच जणी होत्या. वाफ पाण्यावर रेंगाळत होती. मा फिलो कमरेएवढ्या पाण्यात दगडावर बसलेली, वाटेकडे उजवा खांदा करून. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली, मग अंग वळवलं. तिची डावी छाती नव्हती. तिथे काखेपर्यंत गेलेला लांबलचक, फिकट वण होता.

सहा वर्षांपूर्वी डोळे दाखवायला म्हणून ती शेजारच्या मार्टिनिक बेटावर गेली होती. डेल्विनने स्वतः तिला बोटीवर सोडलं होतं. तीन आठवड्यांनी आणायला गेला तेव्हा "आता स्पष्ट दिसतं का गं?" असं विचारलंही होतं, आणि ती "अगदी लख्ख" म्हणाली होती.

त्याच्या कानाशी लॉरेनच्या फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज झाला. बायकांची एकच धांदल उडाली. कुणी टॉवेल ओढला, कुणी गळ्यापर्यंत पाण्यात बसली. युडोराने डेल्विनच्या सात पिढ्या काढल्या. मा फिलो मात्र जागची हलली नाही. हातातला वाळवलेल्या भोपळ्याचा वाडगा तिने छातीशी धरला.

"डेल्विन," ती म्हणाली, "पाहुण्यांना भूक लागली असेल. खानावळीत घेऊन जा. मी आलेच."

ती आली तेव्हा तिने इस्त्रीचा ॲप्रन बांधला होता आणि डोक्याला कोरा रुमाल. सूप वाढलं, भजी आणली. डेल्विन मागच्या दाराशी घुटमळत होता. चुलीकडे जावं तर तिच्या अगदी जवळून जावं लागणार होतं.

"तुम्ही बसा ना," मा फिलो त्याला म्हणाली. "तुमचं ताट आणते."

त्याने वर पाहिलं. राग दिसला असता तर बरं झालं असतं. चेहऱ्यावर अनोळखी गिऱ्हाइकाला दाखवायचं तेवढंच हसू होतं. तो पाहुण्यांच्या शेजारी बाकावर बसला. तिने त्याच्यापुढे ताट मांडलं, चमचा मांडला, हात पुसायला कागदही ठेवला. एवढी वर्षं पातेल्यात हात घालून खाल्लेलं ते सूप त्या दिवशी त्याने चमच्याने खाल्लं.

"आजवर इतकं चांगलं मी कुठेच जेवले नाही," लॉरेन म्हणाली, आणि मा फिलोचा हात धरून पुढे म्हणाली, "आणि तुम्ही तिथे फार सुंदर दिसत होता."

"आणखी सूप वाढू?" मा फिलोने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी युडोरा डेल्विनच्या दारात उभी. भांडायला आली असणार असं वाटून त्याची बायको शर्लिन आधीच पुढे झाली. पण युडोराच्या हातात पपई होती.

"काल तोंडाला येईल ते बोलले," ती म्हणाली. "मनावर घेऊ नकोस, बाबा. मा फिलो म्हणाली, पाण्याच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नसेल. तुला काय स्वप्न पडलं होतं आम्ही अजून आत आहोत म्हणून!"

"हो ना," डेल्विन म्हणाला. "ऐकूच आलं नाही."

"ऐकू आलं असतं तर तो गेला असता का?" शर्लिन म्हणाली आणि पपई घेऊन आत गेली.

त्याने ती पपई खाल्ली नाही. पण खरं काय ते सांगितलंही नाही. गावात जो तो त्याच्या पाठीवर हात ठेवून, "होतं असं, बिचाऱ्याला काय ठाऊक," म्हणायचा आणि तो मान हलवायचा. दर वेळी ती मान जरा आणखी खाली जायची.

आठ-दहा दिवसांनी फिट्झी नावाच्या ड्रायव्हरने धक्क्यावर त्याच्यापुढे फोन नाचवला. "काय गुरू! अकरा वर्षं आम्हाला अंधारात ठेवलंस होय!"

लॉरेनने इंटरनेटवर लिहिलं होतं, बेटावर एका दिवसात काय पाहाल, कुठे जेवाल. पहिल्या क्रमांकावर ते कुंड. वाफेतून वळून पाहणाऱ्या मा फिलोचा फोटो होता, चेहरा सावलीत, वण मात्र उजेडात. दुसऱ्या क्रमांकावर तिचं सूप. खाली लिहिलं होतं, धक्क्यावर डेल्विनला विचारा. हजारो लोकांनी ते वाचलं होतं. पुढच्या बुधवारी नीरफणसाखाली तीन व्हॅन उभ्या होत्या आणि एकही बाई कुंडावर गेली नाही.

त्याने लॉरेनला निरोप पाठवला, कृपा करून तो फोटो तिथून काढून टाका. तिचं गोड उत्तर आलं. चेहरा तर दिसत नाही, लोकांना फोटो इतका आवडलाय आणि तुमचा धंदाही वाढला असेल ना? डेल्विनने उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी त्याने लिहिलं, "खाली बायका आहेत हे मला ऐकू आलं होतं. तरी मी तुम्हाला नेलं. तो वण तिने माझ्यापासूनसुद्धा लपवला होता आणि तिने मला वाढवलंय."

फोटो तासाभरात गेला. मागोमाग एक ओळ आली. "मला वाटलं होतं, तुम्ही त्यांना विचारून आम्हाला नेलंत."

ती ओळ त्याने किती वेळा वाचली कुणास ठाऊक. परक्या बाईने आपल्याकडून जी अपेक्षा धरली होती, तेवढीसुद्धा आपण पुरी केली नव्हती. आणि जे तिला सांगता आलं ते मा फिलोच्या घरात सांगायला आपली जीभ उचलत नाही, याची त्याला आणखीच लाज वाटली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर मा फिलोच्या ओसरीवर बायका तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शर्लिनही होती. डेल्विन पायरीशी उभा राहिला. बसावं असं त्याला वाटलं नाही.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"काय?" युडोराने विचारलं.

"त्या बुधवारी. तुमचं हसणं. वर झाडाखाली असतानाच ऐकू आलं होतं. मला माहीत होतं."

एकीने शर्लिनकडे पाहिलं. शर्लिनने मांडीवरच्या टोपलीत डोळे घातले ते वर काढलेच नाहीत.

"म्हणजे मी पपई घेऊन तुझ्या दारात आले," युडोरा सावकाश म्हणाली, "तुझ्यापाशी माफी मागितली, आणि तू 'हो ना, हो ना' करत होतास?"

"हो."

"ती फोटोवाली परकी होती रे. तिचं सोड. तू कोण होतास?" हातातल्या शेंगा तिने त्याच्या अंगावर फेकल्या आणि उठून ती आत निघून गेली.

मा फिलो सोलतच होती. "मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "बांबूतून तुझा पिवळा शर्ट दिसला. तू थांबलास. वाटलं, आता हाक मारशील. हाक मारली असतीस तर मी टॉवेल ओढला असता. एवढाच काय तो वेळ लागतो."

"मग ऐकू गेलं नसेल असं का सांगितलंस सगळ्यांना?"

"मग काय सांगायला हवं होतं मी? मी वाढवलेला पोरगा असा निघाला म्हणून?"

खाली सांडलेल्या शेंगा त्याने वेचून टोपलीत टाकल्या आणि तो घरी गेला. मागून शर्लिन आली. चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

बुधवारी बोटी असल्या तरी त्याने धक्क्यावर जायचं सोडलं. सकाळी झाडाखाली उभं राहायचं आणि येईल ती व्हॅन परतवून लावायची. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. फिट्झी काच खाली करून म्हणाला, "दार तूच उघडलंस आणि आता वॉचमनही तूच?" ते खरंच होतं, पण डेल्विन वाटेतून हटला नाही. हळूहळू व्हॅन कमी झाल्या. बायका एकेक करून परत यायला लागल्या. त्याच्या जवळून जाताना त्या बोलणं थांबवायच्या आणि पुढे गेल्यावर सुरू करायच्या.

मा फिलो मात्र आली नाही. तिचे गुडघे सुजले. खानावळीत ती बाकाला धरून चालायची. डेल्विनने पाहुणे आणले की त्यांच्याबरोबर त्याच्यापुढेही ताट यायचं, चमच्यासकट. एकदा धीर करून तो मागे चुलीपाशी गेला. तिने सरकून त्याला जागा करून दिली. तिथे त्याला बसवेना. आपला आपणच बाकावर येऊन बसला.

जूनमध्ये हंगाम संपला आणि बोटी थांबल्या. एका बुधवारी युडोरा त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. "गाडी काढ. मा फिलोच्याने पायी चालवत नाही. झाडापर्यंत सोड. आणि उगाच बोलत बसू नकोस."

मा फिलो टॉवेल आणि वाडगा घेऊन मागच्या सीटवर बसली. तिच्यावर आपली नजर पडू नये म्हणून डेल्विनने समोरचा आरसा छताकडे फिरवला.

"तो आरसा सरळ कर," ती मागून म्हणाली. "घाटात ट्रक येतात. मारशील आम्हाला."

त्याने आरसा सरळ केला. झाडाशी गाडी थांबवून त्याने दार उघडलं. युडोरा पलीकडच्या बाजूने उतरली होती. आधाराला काही सापडतं का म्हणून मा फिलोने इकडेतिकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावर हात टेकला. सगळा भार टाकून ती खाली उतरली आणि पाय जमिनीला लागताच तिने हात काढून घेतला.

"दीड तासाने ये," ती म्हणाली.

त्या दोघी बांबूंच्या आड जाईपर्यंत तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मग गाडी सुरू करून खाली, ते झाडही दिसणार नाही इतकी लांब नेऊन लावली आणि घड्याळाकडे पाहत बसला.