मैनेचा जाहीर सत्कार

मैना जोतिबाचा घाट चढली. दुधाचे भरलेले कॅन घेऊन, एकदाही न थांबता, पार वरच्या कमानीपर्यंत चढली. बघायला गर्दी होती. निम्म्यांनी मोबाइलवर मैनेचा फोटो काढला, उरलेल्यांनी फोटो काढणाऱ्यांचा.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. मैना त्या दिवशी घाटात नव्हतीच. दूध संस्थेनं तसा ठराव केला आहे, आणि ठरावापुढं डोळ्यांचं काय चालतं? तेव्हा आपणही गुमान पहिल्यापासून सुरू करू.

मैना म्हणजे विजेवर चालणारी तीनचाकी मालगाडी. ती मनालीनं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या भाड्याच्या शेडमध्ये बनवली. मनाली आधी पुण्यात एका मोठ्या कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांचे आराखडे काढायची. वर्षानुवर्षं बिजागऱ्या काढल्यावर तिला वाटलं, बिजागरीला जोडून एखादी गाडीपण असावी. म्हणून ती नोकरी सोडून घरी आली. जोडीला कृष्णात, शिवाजी पेठेतला वेल्डर. तालमीत कान मोडून घेतलेला गडी. कुठलीही अडचण आली की आधी तिला चितपट करता येईल का, हे बघायचा.

जोतिबाच्या पायथ्याला एक दूध संस्था होती. तिचे चेअरमन विश्वजित यांनी अट घातली होती: भरल्या कॅनांसकट घाट चढून दाखवा, मग आमच्या सगळ्या डिझेल टेम्पोंच्या जागी मैना घेतो. दूध खरं तर वरच्या वाड्यांतून खाली येतं, पण चाचणी खालून वरच असते. मनालीची शिल्लक दिवाळीपर्यंत पुरणार होती. तोवर चाचणी झाली तर कंपनी, नाही झाली तर परत बिजागऱ्या.

संस्थेला ते डिझेल टेम्पो विकले होते गणपतरावांनी. ते मालवाहू वाहन विक्रेता महासंघाचे अध्यक्ष. मनालीनं विरोधाची तयारी ठेवली होती. खिडक्यांना जाळी मारली, वकिलाचा नंबर भिंतीवर लिहिला. कृष्णातनं दाराशी एक पाइप ठेवला आणि तो रोज पुसायला लागला.

गणपतराव आले ते शाल घेऊन.

"पोरी, कोल्हापूरचं नाव काढलंस बघ!" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला खोबरेल आणि तंबाखूचा वास होता, तो संध्याकाळपर्यंत केसांतून गेला नाही. "महासंघानं तुझा जाहीर सत्कार ठेवलाय."

"काका, माझी गाडी चालली तर तुमचे टेम्पो खपणार न्हाईत."

"व्हय की! कौतुकाला आपपरभाव नसतोय."

ते गेल्यावर कृष्णात म्हणाला, "मॅडम, ह्यात डाव हाय."

"कुठला?"

"तेच कळंना. असला डाव तालमीत शिकवत न्हाईत."

मनाली नाही म्हणणार होती. पण सत्कार ज्या सभागृहात होता तिथं तिच्या आईनं, पारूबाईनं, उमेदीची वर्षं सरेपर्यंत खुर्च्या मांडल्या होत्या. मागच्या दारानं जायचं, खुर्च्या मांडायच्या, शाली घड्या घालून ताटात ठेवायच्या आणि पाहुणे यायच्या आत बाहेर पडायचं.

"घे की गं मने," पारूबाई म्हणाली. "एकदा पुढल्या रांगेत बसू दे मला. मीच मांडलेली खुर्ची कशी लागती ते तरी कळंल."

सत्कार झाला. चाचणी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून आदल्या संध्याकाळी मैनेची मिरवणूक. हलगी, फेटे, गुलाल, आणि साउंड सिस्टीम. जनरेटर कुणी आणलाच नव्हता.

"गाडी इजंवर चालती न्हवं?" गणपतराव म्हणाले. "मग जनरेटर कशापायी?"

मैनेच्या बॅटरीवर गाणी वाजली. बॅटरी संपली तेव्हा लोक घरी गेले. गुलाल चाकातल्या मोटरमध्ये जाऊन बसला. चाचणी पुढं गेली.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानदारांनी सत्कार केला. त्याच्या पुढच्या वेळी मेस्त्रींनी, मग टायरवाल्यांनी. प्रत्येक ठिकाणी विश्वजित प्रमुख पाहुणे. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "एवढ्या मानाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेणं बरं दिसत न्हाय."

शेडमध्ये हारांचा ढीग झाला. झेंडू खालून कुजत गेला आणि त्याचं पाणी फरशीवर तपकिरी उतरलं. त्यावर चिलटं. नारळातला एक आपोआप फुटला, त्याचा वास आल्यावर शेजारच्या लेथवाल्यानं पोलिसांना कळवायचं ठरवलं होतं. चहा गुलाबी दिसायचा. कृष्णातनं नाक शिंकरलं की रुमाल निवडणूक जिंकल्यासारखा दिसायचा. पेढा नुसता दिसला तरी मनाली तोंड फिरवायची, आणि पेढा रोज दिसायचा, दुसऱ्याच्या बोटांत, थेट तोंडासमोर. "घे गं, एवढा माझ्या हातचा." त्या हातानं नुकतीच मिशी पुसलेली असायची.

पारूबाई मात्र शाली जपत होती. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या पेटीवर तिनं त्यांची उतरंड रचली होती. टायरवाल्यांची शाल आली तेव्हा तिनं ती उलगडली, नाकाजवळ नेली आणि तिचा कोपरा उजेडात धरला.

"काय झालं, आई?"

"ही मला ओळखती." तिनं कोपऱ्यावरचा डाग दाखवला. "हा एका आमदाराचा चहा. मीच घासलेला, निघाला न्हाय. मने, ही शाल तुझ्याआधी निम्म्या गावाच्या खांद्यावरनं फिरून आलीया. काहींना तर शेवटचीच घातली हुती."

दुसऱ्या दिवशी पारूबाई सगळ्या शाली घेऊन शेडमध्ये आली. एकेकीनं मोटरमधला गुलाल पुसायला बसली. म्हणाली, "पुसायला झ्याक हायती. पाणी लगेच वढत्यात."

मनालीनं मग हिशोब बदलला. सत्कार टळत नाही, तर गाडी सत्काराला टिकेल अशी करायची. मोटरला गुलाल शिरणार नाही असं झाकण केलं. साउंड सिस्टीमसाठी वेगळी बॅटरी बसवली. मागं पायरी केली आणि चासी जाड केली, कारण पदाधिकारी चढणार हे उघड होतं. जगात खड्ड्यांसाठी गाड्या बनवतात. अध्यक्षांसाठी बनवलेली ही पहिलीच.

चाचणीच्या सकाळी पायथ्याला मंडप होता. फलकावर लिहिलं होतं: मैनेस जीवनगौरव.

"काका, सत्कार वर करा की," मनाली म्हणाली. "गाडी पोचल्यावर."

"वर कशाला, बाई? पोचल्यावर सगळेच करत्यात. आपला मान आधीच!"

महासंघाची कार्यकारिणी मैनेवर चढली. मानाची माणसं चालत कशी येणार? कॅनांवर सचिव, सचिवाच्या मांडीवर खजिनदार, पुढं गणपतराव हात जोडून. हारांनी काच झाकली. साउंड सिस्टीम सुरू झाली. कृष्णातनं दोन बोटांनी फुलं बाजूला केली, फटीतून रस्ता बघितला आणि मैना सोडली.

ती चढली. पहिल्याच वळणावर सचिवाचं तोंड पांढरं पडलं. त्यानं आजवर डिझेलचा टेम्पो इथं ढकलतच नेला होता. दुसऱ्या वळणावर गणपतरावांचे जोडलेले हात सुटले आणि त्यांनी दांडी धरली. कमानीपाशी पोचली तेव्हा साउंड सिस्टीम अजून वाजत होती, कॅन भरलेले होते आणि खजिनदाराला ओकारी झाली होती. कृष्णातनं शिट्टी मारली. पारूबाई एसटीनं आधीच वर येऊन थांबली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मैनेजवळ गेली आणि शालीनं खजिनदाराची ओकारी पुसून काढली.

विश्वजितांनी गाडीभोवती फेरी मारली.

"मॅडम, चाचणी झालीच न्हाय."

"चढली की! तुम्हीच बघितली!"

"मी चित्ररथ बघितला. फुलं हुती, वाजप हुतं, वर माणसं हात जोडून. ह्येला गाडी म्हणत न्हाईत. गाडी घाटात आलीच न्हाय, असा संस्थेचा ठराव करतो. आता चैत्र यात्रेनंतर बघू."

चैत्र दिवाळीच्या पलीकडं असतो, हे विश्वजितांना ठाऊक होतं.

कृष्णातनं बाह्या वर केल्या. पण धरायचं कुणाला? ज्यानं हार घातला त्याला मारलं तर लोक काय म्हणतील?

गणपतराव मनालीला बाजूला घेऊन गेले. आवाज मऊ होता.

"मागं एका पोरानं असलीच गाडी काढलेली. आमी संप केला, त्याच्या दाराला टाळं ठोकलं. पेपरात फोटो आला त्याचा. दोन बँका हुडकत दारात आल्या. तवा कळलं, मारलं की माणूस वाढतोय."

"आणि सत्कार केला की?"

"सत्कार केला की माणूस पुरा हुतोय, लेकी. पुढं काय उरतच न्हाय." आणि त्यांनी तिच्या तोंडात पेढा भरला.

तो तिनं तिथंच, अंगावरच्या शालीच्या कोपऱ्यात थुंकला. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, एकदा परत."

शेडचं शटर कायमचं ओढायच्या आदल्या दिवशी मनालीनं अर्ज लिहिला. कृष्णातनं तो महासंघाच्या कचेरीत नेऊन दिला, पोच घेतली, आणि तिथं त्याला पेढा मिळाला.

"प्रति, मा. अध्यक्ष, मालवाहू वाहन विक्रेता महासंघ. विषय: सत्कार रद्द करून विरोध मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराचे आजवर झालेले सर्व सत्कार पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावेत, सोबत जोडलेल्या शाली आहेत त्या स्थितीत परत घ्याव्यात, आणि अर्जदारास व तिच्या वाहनास इतर कोणत्याही प्रतिस्पर्ध्याप्रमाणे रीतसर, उघड व मनापासून विरोध करण्यात यावा, ही नम्र विनंती."