आर्थरची काही हरकत नव्हती

"म्हातारा! त्याच्या जवळपाससुद्धा कोणी येत नाही. लिहून देतो!" आर्थरने टेबलावर हात आपटला, तसा वाटीतला रस्सा हिंदकळून टेबलक्लॉथवर सांडला.

"काय लिहून देतोस? म्हातारा नुसता ओरडतो रे. मास्तरणीकडे बघ. बाईकडे एकेका गोष्टीचा प्लॅन तयार आहे. पॉइंट वन, पॉइंट टू, पॉइंट थ्री," अरुण म्हणाला.

"काका, प्लॅन असला म्हणजे माणूस लिबरल होतो असं नाही," कैवल्यने तोंडातला घास कसाबसा गिळला. "माझं मत मेयरलाच."

"तू गप. तुझा मेयर अजून शाळेतून सुटल्यासारखा दिसतो."

आर्थरची बायको सुझी गरम फुग्यांची परडी घेऊन आली, सांडलेल्या रश्श्यावर टिश्यू ठेवला आणि परत गेली. आंबवलेल्या मैद्याचे हे गोल तळलेले फुगे वसईच्या ख्रिस्ती घरांत लग्नाकार्याला होतात. शारजातल्या अल मजाजमध्ये, सतराव्या मजल्यावरच्या आर्थरच्या घरी ते दर शुक्रवारी होत, कारण दर शुक्रवारी अरुण यायचा. अरुण दुबईत अल मनखूलला राहणारा, आर्थरचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. अलीकडे तो आपल्या ऑफिसातल्या कैवल्यलाही घेऊन येई. पोरगा एकटा राहतो, घरचं जेवेल, म्हणून.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरी चालू होत्या. एकाच पक्षाचे बरेच उमेदवार, आणि त्यांतून एक निवडायचा. नावं लांबलचक, म्हणून या तिघांनी त्यांना आपल्या सोयीची नावं दिली होती. त्यांच्यात सगळ्यात जास्त लिबरल कोण, यावर हा सलग पाचवा शुक्रवार चालला होता.

तिघांपैकी कोणाचंच तिथे मत नव्हतं. वसईच्या मतदार यादीत आपलं नाव उरलंय की नाही, हे आर्थरला ठाऊक नव्हतं. बोटाला शाई लागून पंचवीस वर्षं झाली होती. पण माणसाला राजकारण लागतंच. इथलं बोलायचं नसतं, आणि गावाकडचं बोललं की फॅमिली ग्रुपमधून कोणीतरी लेफ्ट होतं. अमेरिका त्यातल्या त्यात बरी. कितीही भांडा, कोणाच्या घरचं दुखावत नाही.

"असं किती दिवस भांडणार?" कैवल्य म्हणाला. "मार्क देऊ. आरोग्य, शिक्षण, बाहेरून आलेले लोक, बायकांचे हक्क. प्रत्येकाला दहापैकी."

"यल्ला, चला!" आर्थर उठला. टीव्हीखालच्या कप्प्यातून पहिला हाताला लागला तो कागद त्याने ओढला, पाठकोरा बघून टेबलावर पसरला आणि रेघा मारायला लागला.

सुझीने तो स्वयंपाकघराच्या दारातूनच ओळखला.

बारा दिवस तो कागद त्या कप्प्यात होता. त्याआधी सव्वीस वर्षं सुझी घरात होती. लग्नाआधी चार वर्षं ती वसईच्या एका हॉस्पिटलात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची, आणि रांगेतल्या माणसाचा चेहरा बघून कोणाला आधी आत सोडायचं ते तिला कळायचं. मग लग्न, मग इथे, मग रॉयडन. रॉयडन आता कॅनडात शिकत होता आणि मेसेजला अंगठा पाठवून उत्तर देत होता. दिवसभर घरात एसीचा आवाज. चर्चमधल्या करेनने एकदा मिस्सा झाल्यावर विचारलं, "सुझी, आमच्या डेंटल क्लिनिकला रिसेप्शनवर बाई पाहिजे. येतेस?" तेव्हा सुझीने 'विचारून सांगते' म्हणायचं सोडून 'येते' म्हटलं होतं. घरी येईपर्यंत तिलाच त्याचं नवल वाटत होतं.

इंटरव्ह्यू झाला, तोही बरा झाला. राहिलं होतं एक पत्र. बाई नवऱ्याच्या व्हिसावर असली, की तिच्या नोकरीला आपली हरकत नाही असं नवऱ्याने लिहून द्यावं लागे. टायपिंग सेंटरवाल्या लियाकतने ते टाइप करून दिलं होतं. त्यावर फक्त आर्थरची सही हवी होती.

आर्थर नाही म्हणाला नव्हता. आर्थर कधीच नाही म्हणत नसे, तीच तर अडचण होती. "ठेव, वाचून करतो," म्हणाला होता. चार ओळींचं पत्र होतं.

"बायकांचे हक्क," आर्थरने रकाना आखला. "म्हाताऱ्याला नऊ."

"नऊ कसे? अरे मास्तरीण स्वतः बाई आहे!"

"बाई असल्याचे मार्क नसतात, अरुण. विचार बघायचे असतात."

"आर्थर, तो कागद..." सुझी दारातून म्हणाली.

"एक मिनिट, सुझी. तर म्हाताऱ्याला नऊ, मास्तरणीला आठ..."

"आर्थर, तो माझा कागद आहे."

कैवल्यने सहज कागद उलटा केला. इंग्रजी मजकूर मराठीत करत करत मोठ्याने वाचायला लागला. पोराला वाटलं, काहीतरी गंमत आहे. "मी, खाली सही करणारा, आर्थर लोपीस, कळवतो की माझ्या बायकोने नोकरी करण्याला माझी काहीही हरकत..." तिथे तो थबकला. "सॉरी आंटी."

अरुणने कागद हातात घेतला, तारीख बघितली, आणि मग जो हसला तो थांबेचना. "अरे लेका! म्हाताऱ्याला नऊ देतोस आणि घरात बारा दिवस एक सही होत नाही? तुला किती द्यायचे रे, दहापैकी?"

"मी नाही कुठे म्हटलं?" आर्थरचे कान लाल झाले होते. "विचार तिला. माझी काही हरकत नाही. कधीच नव्हती. दे पेन."

त्याने झर्रकन सही केली आणि पेन टेबलावर टाकलं. कैवल्यने टाळ्या वाजवल्या. "मोस्ट लिबरल कँडिडेट, आर्थर अंकल!" अरुणनेही वाजवल्या. सुझी हसली. हसताना तिला जरा लाज वाटली, पण कागद तिने दोन्ही हातांनी घेतला.

पाहुणे गेल्यावर ती भांडी पुसत होती. आर्थर दाराशी येऊन उभा राहिला.

"लोकांसमोर तमाशा झाला."

"मी नाही केला."

"आमच्या हॉटेलात माणसं कमी करतायत, ठाऊक आहे तुला. आता सगळीकडे होणार, आर्थरच्या बायकोला कामाला लागावं लागलं. म्हणजे आर्थरचं काहीतरी बिघडलंय. कशासाठी? साडेतीन हजार दिरहम. म्हणजे अडुसष्ट-सत्तर हजार."

"पैशासाठी नाही रे."

"मग?"

सव्वीस वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं होतं, आणि नेमकं तेव्हाच सुझीला नीट सांगता येईना. "खिडकीवर बसायला आवडतं मला," ती म्हणाली. आर्थरने तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने नाटकात काम करायची परवानगी मागितली आहे.

रविवारी सकाळी तिने क्लिनिकात जाऊन पत्र करेनकडे दिलं. करेनने आधी पाठ बघितली. "हे काय गं? म्हातारा नऊ, मास्तरीण आठ? चर्चचं इलेक्शन आहे का?" दोघी हसल्या. करेनने तिला खुर्ची दाखवली, फोन दाखवला, अपॉइंटमेंटचा कॉम्प्युटर दाखवला. सुझी त्या खुर्चीत मिनिटभर बसून बघून आली. समोर काच होती आणि काचेपलीकडे गालाला हात लावून बसलेला एक माणूस. याला आधी सोडायला पाहिजे, तिच्या मनात आलं.

सोमवारी करेनचा फोन. "सुझी, पेपर परत आला. सही पासपोर्टशी जुळत नाही. नवीन करून आण, पण बुधवारपर्यंत हं. डॉक्टरला गुरुवारपासून माणूस पाहिजे."

सुझीने पत्र करेनकडून परत आणलं आणि पासपोर्टच्या कॉपीशेजारी ठेवलं. पासपोर्टवर आर्थरची पूर्ण सही होती, लोपीसच्या 'एल'ला लांब, मागे वळलेली शेपटी. पत्रावर नुसत्या दोन वाकड्या रेघा. भाजीवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा आर्थर याहून बरी सही करत असे.

आर्थर हॉटेलात परचेस बघायचा. एक सही जुळली नाही तर सप्लायरचा अख्खा ट्रक गेटवरून परत पाठवायचा, आणि घरी येऊन कौतुकाने सांगायचा. सुझी कागद हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग पर्स घेऊन खाली गेली.

लियाकतचं टायपिंग सेंटर त्याच गल्लीत होतं. त्याने चष्मा कपाळावर चढवून दोन्ही सह्या बघितल्या.

"साहब को बोलो बाजी, पासपोर्टवाली साइन करें."

"भूल गए होंगे," सुझी म्हणाली.

"हाँ जी. भूल जाते हैं." प्रिंटरमधून नवा कागद बाहेर येत होता, त्याकडे बघतच तो पुढे म्हणाला, "हर हफ्ते दो-तीन भूलते हैं. पैसे रहने दो, पहलेवाले में आ गए." आणि मग आणखी हळू, "कुछ लेडीज तो फिर यहाँ नहीं आतीं, बाजी. घर बैठे कर लेती हैं."

सुझीला कळलं. कळायला तिला वेळ लागलाच नाही. रॉयडनच्या शाळेच्या डायरीवर, रिपोर्ट कार्डवर, सहलीच्या फॉर्मवर बारा वर्षं आर्थरची सही तीच तर करत आली होती. आर्थर मीटिंगमध्ये असायचा. ती शेपटी सुरुवातीला नीट वळायची नाही, नंतर नंतर आर्थरपेक्षा चांगली वळायला लागली.

सोमवारी संध्याकाळी तिने नवा कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "पासपोर्टसारखी पाहिजे."

"हो का? च्यायला, बघितलंच नाही मी. ठेव, करतो."

मंगळवारी तो डोकं दुखतंय म्हणून आला तसा झोपला. बुधवारी राखेचा बुधवार होता, उपासकाळाचा पहिला दिवस. संध्याकाळी दोघं चर्चला गेले, दोघांच्या कपाळावर राखेचा क्रूस आला. गाडीत सुझी म्हणाली, "आर्थर, आज शेवटचा दिवस होता. करेनला उद्या सकाळी दिलं तरी चालेल म्हणाली."

"अगं मग करू ना. इन्शाल्ला."

"तुझी हरकत आहे का? तसं सांग. मी मागणार नाही परत."

"माझी कसली हरकत?" आर्थर सिग्नलकडे बघत म्हणाला. "सगळ्यांसमोर सही केली ना मी?"

गुरुवारी सकाळी तो लवकर निघून गेला. टेबलावरच्या कागदावर सहीची जागा कोरी होती आणि शेजारी पेन होतं. सुझी खुर्ची ओढून बसली. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला तिने एक सही करून बघितली. तंतोतंत. शेपटीसकट. दहा सेकंदांचं काम होतं, आणि जगातल्या कुठल्याच ऑफिसाने ती परत पाठवली नसती. आर्थरनेही नसती.

तिने पेनाला टोपण लावलं. हरकत नाही म्हणणाऱ्या माणसाची सही आपण चोरून करायची, म्हणजे त्याची हरकत नव्हती हे आपणच जन्मभर खरं करून ठेवायचं. ते तिला जमेना. दहा वाजता तिने करेनला फोन करून नाही म्हणून सांगितलं. "एक मुलगी आहे मंगलोरची, तिचा व्हिसा स्वतःचा आहे," ती म्हणाली. "बोलावते मग तिला."

शुक्रवारी दुपारी तिघं परत जमले. उपासाचा काळ लागल्यामुळे मटण-कोंबडी बंद होती. सुझीने कोळंबीचं आंबट आणि भात केला होता.

"वहिनी, नोकरी काय म्हणते?" अरुणने बसता बसता विचारलं.

"नाही झालं," आर्थरच म्हणाला. "पेपरचा काहीतरी घोळ. माझ्याकडून तर केव्हाच ओके होतं, तुमच्यासमोर सही केली. या लोकांचं तुला ठाऊक आहे ना, साध्या गोष्टीला दहा फेरे."

"अरेरे," अरुण म्हणाला आणि वाढून घ्यायला लागला.

वाद पुन्हा म्हाताऱ्यावर आला, मास्तरणीवर गेला. गेल्या आठवड्याच्या मार्कांचा कागद सापडत नव्हता. शेवटी कैवल्यने वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या. "आज खलास करू. सीक्रेट बॅलट. मोस्ट लिबरल कोण, एक नाव लिहायचं. आंटी, तुम्ही पण."

"सुझीला कुठे त्यात इंटरेस्ट?" आर्थर म्हणाला.

"दे," सुझी म्हणाली. "एक दे मला."

ती चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्याकडे गेली, पाठमोरी उभी राहून लिहिलं, दोन घड्या घातल्या आणि परडीत टाकली. अरुणने एकेक चिठ्ठी उघडली. म्हातारा. मेयर. मास्तरीण. चौथी उघडून तो थांबला. त्याने ती आडवी धरली, उभी धरली.

"आर्थर, ही तुझी सही ना रे?"

"दाखव." आर्थरने हात पुढे केला आणि चिठ्ठी बघितली. 'एल'ची शेपटी मागे वळून पूर्ण नावाखालून गेली होती. त्याच्या पासपोर्टवर होती तशी, तेवढीच, त्याच वळणाची. त्याने वर बघितलं. सुझी उभी होती, हातात भाताचं भांडं.

"ही मी केली नाही," आर्थर म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

"मग कोणी केली?" कैवल्यने हसून विचारलं. कोणी हसलं नाही, तसं त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

"भात घ्या, भाऊजी," सुझी म्हणाली आणि अरुणच्या ताटात वाढला. मग कैवल्यच्या. मग आर्थरच्या, त्याला लागतो तेवढा, मोजून दोन पळ्या.

अरुणने वहीचं आणखी एक पान ओढून त्यावर तिन्ही उमेदवारांची नावं लिहिली. मग तीन नावांसमोर एकेक रेघ ओढली, आणि खाली, कागदाच्या कडेला, बारीक अक्षरात लिहिलं : बाद, एक.