गोट्यांची बाजू

पैनगंगेतला महसीर मासा दुर्मीळ होत चाललेला. त्याला कसली जागा आवडते, ते निशिगंधा कॉलेजातल्या टाकीत तपासत होती. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला नदीचे गोटे. मासे गोट्यांत शिरतील असा तिचा अंदाज होता, पण सहा दिवस ते उघड्या वाळूवरच घुटमळत होते. ती रडकुंडीला आली.

टाक्या धुणाऱ्या गंगीबाईनं ब्रश आपटला. "बाप्पा! गोट्यापाशी खुर्ची टाकून तूच बसून राह्यली ना, पोरी! मासे तिकडं येतील कायले? ऊठ!"

निशिगंधा दाराआड जाऊन उभी राहिली. थोड्याच वेळात मासे एकामागोमाग एक गोट्यांत शिरले. तिचा जीव भांड्यात पडला. आनंदानं ती टाकीकडं धावणार, तोच गंगीबाईनं तिचा दंड धरला.

"आता कुठी चालली?"