पांढऱ्या झग्यांची चौकट

ग्रुनवाल्डच्या रणांगणापासून आमचं गाव सायकलवर अर्ध्या तासाचं. सहाशे वर्षांपूर्वी पोलंडने तिथे जर्मन सरदारांना धूळ चारली, पण गावात ती लढाई परवाच झाल्यासारखी सांगतात, आणि सांगणारा जातीने हजर असल्यासारखा बोलतो. सहाशेव्या वर्धापनदिनासाठी बायकांनी वॉर्सॉच्या संग्रहालयातलं त्या लढाईचं भव्य चित्र दुसुतीवर फुलीच्या टाक्याने भरून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये लावायचं ठरवलं. चित्राच्या चाळीस चौकटी पाडल्या. पुढारीपण अर्थातच इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका याद्विगाबाईंकडे.

वाटपाच्या दिवशीच गाडी अडली. घोडे गेले, झेंडे गेले, चित्राच्या मधोमध असलेल्या राजपुत्राचा लाल अंगरखा खुद्द याद्विगाबाईंनी घेतला. शत्रूच्या पांढऱ्या झग्यांची एक चौकट मात्र टेबलावर पडून राहिली. पांढऱ्याच्याच चौदा छटा, डोळे फुटायचं काम!

"या वयात जर्मनांचे झगे भरू?" इर्मिना म्हणाली. "माझे वडील थडग्यातून उठून येतील."

"मी भरते," मागून एर्नाआजी म्हणाल्या.

एर्नाआजींचं घराणं पिढ्यानपिढ्या याच मातीतलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा मुलूख जर्मनीत होता. तो पोलंडकडे आल्यावर त्यांचे सगेसोयरे जर्मनीला निघून गेले, त्या राहिल्या. बाकीचं गाव, याद्विगाबाईंच्या आईवडिलांसकट, त्यानंतर पूर्वेकडून गाठोडी घेऊन आलेलं. तरी गावाच्या लेखी परकी कोण, तर एर्नाआजी.

"घ्या की. तुमचीच माणसं आहेत," याद्विगाबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या. "फक्त एक, खालच्या काठावर नावं भरणार आहोत, ती आपल्या बायकांची."

एर्नाआजींनी कापडाची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली. नाव यावं असं त्यांना फार वाटत होतं. ऐंशी वर्षांत गावाने त्यांचं नाव कशावरच लिहिलं नव्हतं.

उद्घाटनाला पाच दिवस उरले तेव्हा चौकटी जोडून जमिनीवर पसरल्या. सगळ्या नीट बसल्या, पण राजपुत्राच्या छातीवर तळहाताएवढा तुकडा वेगळाच चमकत होता. दोरा तोच, रंग तोच. वरचा टाका मात्र उलट्या दिशेला झुकलेला. हे काम कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. याद्विगाबाईंची कानशिलं तापली.

एर्नाआजी कमरेवर हात देत वाकल्या. "तेवढ्यापुरती चौकट आडवी धरली होती का, बाई?"

"खांदा भरून आला होता."

"होतं असं. सुया आणा, उसवू या. दोघी बसलो तर तीन दिवसांत होईल."

दोघी खिडकीपाशी बसल्या. लिंबू घातलेला चहा झाला, इर्मिनाने खसखशीचा केक आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी याद्विगाबाईंची नजर पांढऱ्या झग्यांकडे वळली. त्या चौदा छटांत वारा शिरल्यासारखा वाटत होता.

"शत्रूचं काम इतकं जीव लावून केलंत?"

"चित्रकारानेही जीव लावलाच होता की," एर्नाआजी म्हणाल्या. "समोरचा चिंधीसारखा रंगवला, तर जिंकलंत कुणाला? चिंध्यांना? आणि माझे पूर्वज कुणाच्या बाजूने होते, मला काय ठाऊक. बहुतेक शेतात उभे असतील, आणि दोन्हीकडचे घोडे त्यांचं उभं पीक तुडवत गेले असतील."

याद्विगाबाईंची सुई थांबली. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना ही लढाई शिकवली होती. त्या शेतकऱ्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

"मी वाईट बोलले तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या.

"बोललात खऱ्या. आता टाका सरळ घाला."

तिसऱ्या दिवशी राजपुत्राची छाती एकसारखी चमकू लागली. सगळ्या बायकांनी हुश्श केलं. मग सगळ्यांदेखत याद्विगाबाईंनी काठ हातात घेतला आणि पहिलं नाव भरायला सुरुवात केली: एर्ना कोस्लोव्स्का.

"पहिलं?" इर्मिनाने विचारलं.

"वयाने थोरल्या आहेत. काही अडचण?"

"नाही बाई. माझं दुसरं घाला म्हणजे झालं."

हॉलभर हसू पसरलं. एर्नाआजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाल्या, आता मला चहा द्या कुणीतरी.

मंडळी, आपल्या इतिहासाचा अभिमान जरूर धरावा, छाती फुगवून धरावा. पण त्या अभिमानापायी शेजारचं माणूस परकं होत असेल, तर चूक इतिहासात नाही, आपल्यात आहे. ती वेळीच उसवावी. हात लावायला शेजारीच येतात.